गाडीनं होडी ओढली, त्याची गोष्ट

आमची गाडी फक्त उतारावर सुरू होत असे, आणि माझा संसार समुद्रसपाटीला होता.

गाडी म्हणजे पुढून जीप आणि मागून उघडा हौदा. लोक तिला पिकप म्हणत. ट्रकपेक्षा लहान, रिक्षापेक्षा मोठी आणि दोघांपेक्षाही आळशी! त्या काळात, म्हणजे ऐंशी सालानंतर, मालवणच्या आमच्या वाडीत चारचाकी असलेलं घर आमचं एकट्याचंच होतं. त्यामुळे ती बंद पडली की बातमी आमच्याआधी शेजाऱ्यांना कळे.

आमच्या ह्यांनी ती कोल्हापूरच्या एका माणसाकडून जुनी घेतली. "ओढ बघा हिची! हत्ती बांधा मागं!" असं तो म्हणाला. ह्यांनी हत्ती बांधून बघितला नाही. किंमत माझ्या पाटल्यांतून भागली. आईनं लग्नात घातलेल्या चांगल्या जाड पाटल्या. त्या कुणी हिसकावून नेल्या नाहीत. मीच साबण लावून मनगटावरून उतरवल्या. किनाऱ्यावरून मासे वाहायचे, बर्फ वाहायचा, आणि दोन वर्षांत त्याहून जाड पाटल्या करायच्या, असा आमचा हिशेब.

प्रत्यक्षात हे बर्फ घेऊन निघत आणि पाणी घेऊन पोचत. स्टार्टर पहिल्याच पावसाळ्यात गेला. मेस्त्री म्हणाला, "सामान मुंबयसून येवक व्हया." ते अजून येतं आहे. तेव्हापासून गाडी चढावर लावायची, सोडायची आणि घरंगळता घरंगळता सुरू करायची. ह्यांना तालुक्यातला प्रत्येक उतार पाठ झाला. कुणी जेवायला बोलावलं तर हे आधी विचारत, "घर चढार आसा मां?" ब्रेक लागे, नाही असं नाही, पण पायानं तीनदा दाबावा लागे. पहिल्या दोन वेळा तो नुसता ऐकून घेई. (ह्या बाबतीत गाडी आणि तिचा मालक एकाच वळणाचे!)

शेजारच्या घरात माझे मोठे दीर आणि मोठ्या जाऊबाई राहत. दिरांची मासेमारीची होडी होती. जाऊबाई रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन विचारत, "काय गो, तुझ्यो पाटल्यो आज खंय बंद पडल्यो?"

मी हसण्यावारी नेई. म्हणजे तसं दाखवी. रात्रभर मनगट खाजे.

मे महिना संपत आला की आमच्याकडे होड्या पाण्यातून काढून माडांखाली चढवतात. त्यासाठी वाडीतले सगळे बाप्ये बोलवायचे. वाळूवर ओंडके टाकायचे, त्यांना माशांचं तेल फासायचं, आणि होड्यांचा म्होरक्या बाबल तांडेल, त्यानं आरोळी दिली की सगळ्यांनी एकदम दोर ओढायचा. मजुरी कुणी घेत नाही. ज्याची होडी, त्याच्या घरी कोंबडी-वड्यांचं जेवण. वडे तळायला अर्थातच जाऊबाई आणि मी.

त्या वर्षी जाऊबाई म्हणाल्या, "ह्या वर्साक पीठ जरा जास्ती दळ. माणसां वाढली हत." आणि मग गाडीकडे बघून, "काय करतलंव! दारात हत्ती आसा, पण तो फकत बघूक!"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "माणसां बोलवच नकात. गाडी वडतली होडी."

हे अंगणात होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "गो, थंय वाळू आसा."

"हत्ती वडता मां ती? मगे होडयेक काय झाला?"

"ता तो कोल्हापूरवालो म्हणलो."

"आणि तुमी ऐकलास! माज्यो पाटल्यो घालून ऐकलास! आता एकदा तरी वडून दाखवा!"

ह्यांनी वाद घातला नाही. त्यांनी घालायला हवा होता. (आजवरच्या संसारात त्यांनी नको तिथे घातला, नेमका तेव्हा नाही.)

दुसऱ्या दिवशी गाडी वरच्या चढावरून सोडून, सुरू करून, थेट किनाऱ्यावर आणली. तोंड जमिनीकडे, पाठ समुद्राकडे, मागे होडी. दोर मागच्या बंपरला बांधला. बोलावलं कुणालाच नव्हतं, पण वाडीतले सगळे बाप्ये सुरूच्या झाडांखाली बसले होते. बाबल तांडेल विडी पेटवत म्हणाला, "आमका जेवाण नको हां वयनी. आमी नुसते बघूक इलंव."

ह्यांनी गियर टाकला. गाडी ओरडली, धुरळली, थरथरली, आणि होडी हलली! खरंच हलली! चार हात वर आली. मी वळून जाऊबाईंकडे बघितलं. फार नाही, एकदाच; पण मनसोक्त. त्यांचं तोंड उघडं होतं. पाटल्या गेल्यापासून असं सुख मला झालं नव्हतं.

तेवढ्यात पाठीमागे कडाड्!

बंपर दोरासकट होडीपाशी राहिला आणि मोकळी झालेली गाडी टुणकन पुढे जाऊन बंद पडली.

"होडयेक बंपर गावलो रे!" बाबल म्हणाला.

झाडांखाली जे हसू फुटलं ते मी सांगत नाही. पण खरी अडचण पुढेच होती. भरती लागली होती, होडी अर्धवट वर, आणि गाडी वाळूवर बंद. ह्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मागे बघितलं, आणि हरवलेला नातेवाईक भेटावा तसे ओरडले, "उतार आसा!"

दीर धावले. "वसंता, मेल्या, मागे दर्या आसा!"

"दिसता माका! मागच्या गियरात घालून सोडतंय. सुरू झाली की थांबवतंय."

सोडली. आणि ती अवदसा, जी कधी तीन उतारांखेरीज सुरू झाली नाही, ती त्या दिवशी पहिल्या झटक्यात सुरू झाली! मागच्या गियरात! ह्यांनी ब्रेक एकदा दाबला, दोनदा दाबला. तिसऱ्यांदा दाबायला किनारा उरला नव्हता. होडीला वळसा घालून गाडी ओल्या वाळूत गेली, मागची चाकं पाण्यात रुतली, आणि पहिली लाट धुराच्या नळीत शिरली. उचकी लागल्यासारखा आवाज आला. मग तोही आला नाही.

मी किंचाळले, "अगो बाय माज्यो पाटल्यो!"

गाडीत नवरा बसला होता. ह्यांनी ते ऐकलं. आजतागायत विसरलेले नाहीत.

दुसरी लाट हौद्यावर चढली. तासाभरात भरती किती चढते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी पदर खोचला आणि सुरूच्या झाडांखाली गेले. बाबल उठला नाही.

"तुमका माणसां नको होती मां, वयनी?"

"आता व्हयी."

"आणि जेवाण?"

"घालतंय."

"कसला? होडयेचा की गाडयेचा? ज्याचा वडतलंव त्याच्या घरचा जेवाण, अशी रीत आसा. होडयेचा तुमची जाव घालतली."

"गाडयेचा मी घालतंय! उठा आता!"

"बायलमाणसां, पोरां?" तो विडी विझवत म्हणाला. मागून तिसऱ्या लाटेचा आवाज आला.

"सगळ्यांक! म्हातारे-कोतारे, पाव्हणे, कुत्रे, मांजरां, सगळ्यांक! पण वडा!"

उठले. मानावं लागेल, उठले ते असे उठले की दहा गाड्या खेचल्या असत्या. ओंडके टाकले, तेल फासलं, दोर गाडीच्या सांगाड्याला बांधला. बाबलनं आरोळी दिली. तिच्यात होडीचं नाव घ्यायचं असतं. त्यानं माझं घेतलं. प्रत्येक आरोळीला शंभर पावलांवरून माझं नाव समुद्रावर आदळत होतं आणि गाडी वर येत होती. आत आमचे हे, पालखीत बसवल्यासारखे, स्टिअरिंग धरून! मग त्याच ओंडक्यांवरून बाप्यांनी होडी चढवली, बंपरसकट.

जाऊबाई माझ्याजवळ आल्या. मी टोमण्याची वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "पीठ पुराचा नाय. तू कोंबडे धर, मी दळूक बसतंय." टोमणा असता तर परवडला असता.

त्या दिवशी मी जे वडे तळले, ते एकापुढे एक मांडले असते तर मालवणातून पार कट्टा गावापर्यंत रस्ता झाला असता.

मेस्त्रीनं गोड्या पाण्यानं इंजिन धुतलं आणि गाडी मेली नाही. (मेली असती तर निदान रडून मोकळी झाले असते.) आणखी दोन पावसाळे ती बंद पडत पडत चालली, आणि मग आम्ही ती विकायला काढली. दोडामार्गाकडचे एक गृहस्थ बायकोला घेऊन बघायला आले. त्यांना बागेतली केळी गोव्याला न्यायची होती. हे त्यांना वरच्या चढावर हौदा दाखवत होते. मी बाईला चहाला आत बसवलं. तिनं कपाला हात पुढे केला, आणि तिच्या मनगटावर मला दोन गोरे पट्टे दिसले. ताजे. पाटल्यांच्या रुंदीचे.

मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. स्टार्टर, ब्रेक, पाणी झालेला बर्फ, धुराच्या नळीत शिरलेला समुद्र. काही म्हणजे काही ठेवलं नाही. "घेव नको गो," म्हटलं, "मी घेवन बसलंय, तू बसा नको."

तिनं शांतपणे चहा संपवला आणि कीव केल्यासारखी माझ्याकडे बघून म्हणाली, "असला भंगार तुमी घेतलास तरी कसा, वयनी? इतक्यो कशो फसल्यात?"

मी सटकन उठले. माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन!

"भंगार?" मी म्हटलं. "होडी वडलेली गाडी आसा ती!"

बाईनं कपबशी खाली ठेवली आणि दारातूनच नवऱ्याला हाक मारली, "ओ, घेवन टाका! होडी वडता ती!"

तासाभरात व्यवहार झाला. गाडी उतारावरून सुटली, सुरू झाली, आणि हौद्यातून त्या बाईनं मला इतक्या आपुलकीनं हात केला की माझ्यानं बघवेना. गाडी सपाटीला पोचायच्या आत मी घरात शिरले आणि आतून कडी घातली.