खीर वाटल्यानंतरचे आठ दिवस

ऑपरेशन होऊन छातीतली गाठ निघाली, टाके वाळले आणि मायनं खीर केली. पौर्णिमा होती. विहारात वंदना झाल्यावर ती प्रत्येकाच्या हातात वाटी देत सांगत होती, "मोकळी झाली माही पोरगी." मी शेजारी उभी राहून मान हलवत होते. सगळं काढलं, असं सर्जननीच सांगितलं होतं. आम्हाला तेवढं पुरेसं होतं.

आम्ही पैनगंगेपलीकडे, तेलुगू मुलखातल्या इचोड्याला राहतो. मी इथल्या मराठी शाळेत गणित शिकवते, नवरा मंडल कार्यालयात, म्हणजे इथल्या तहसीलला, कारकून आहे. माय नार्नूरकडच्या आमच्या गावाहून मला सांभाळायला आली होती.

चार दिवसांनी मी आणि नवरा गाठीचा रिपोर्ट घेऊन नागपूरला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्या बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"गाठ लहान होती. काखेत काही पसरलेलं नाही. हे चांगलंच आहे. पण गाठीची जात जरा जोरात वाढणारी आहे. केमो घेतली तर आजार परत येण्याची शक्यता थोडी कमी होईल. थोडीच."

"मग घ्यायची का, मॅडम?"

"ते तुम्ही सांगायचं."

मला वाटलं, त्या मला तपासून पाहत आहेत. आमच्या घरात डॉक्टर, तलाठी, हेडमास्तर यांनी सांगायचं आणि आम्ही ऐकायचं, अशीच रीत होती. तुम्हाला काय हवं, असं माझ्या आईबापाला कुणी विचारलं नव्हतं. मी घरातली पहिली पदवीधर, पण आजवर मीही विचारणाऱ्यासमोर बसले नव्हते.

डॉक्टरांनी एका कागदावर माझ्यासारख्या शंभर बायकांचं चित्र काढून समजावलं. केस जातील, उलट्या होतील, ताप आला तर धावत यावं लागेल, हेही लपवलं नाही. "आठ दिवस विचार करा. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात."

इतकी वर्षं मी मुलांना एका गणिताचं एकच उत्तर शिकवत आले होते.

परतीच्या बसमध्ये नवरा म्हणाला, "तू हो म्हन, मी रजा टाकतो. नाई म्हन, तरी मी तुह्या संगं. पन हे मी ठरवनार नाई."

"काऊन? बाकी सगळं तर तुमीच ठरवता."

"बाकी सगळ्यात सुई मलेबी टोचते. ही तुलेच टोचनार हाये."

मी डॉक्टरांचा कागद पर्समधून काढला आणि पैनगंगेच्या पुलापर्यंत तेच चित्र पाहत राहिले.

घरी मायला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. "खीर वाटली ना आपन! आता लोकाईले का सांगू? खोटं बोललो म्हनू?" मग हळूच म्हणाली, "आपल्या गल्लीतली ती शिलाईवाली. तिले याच औषधानं नेलं."

त्या बाईचा आजार कळला तेव्हा तो हाडांत उतरला होता, हे मला ठाऊक होतं. मायला मी ते सांगितलंही. तरी स्कार्फ बांधून शिलाई मशीनवर वाकलेली ती बाई माझ्याही डोळ्यांसमोरून हटेना. शिवाय मला आता बरं वाटत होतं. दहावीचा वर्ग होता. बरं असताना मुद्दाम आजारी पडायला कोण जाईल? नाही म्हणायची अशी बरीच कारणं मी जमवली. त्यांच्यातलं सगळ्यात मोठं कारण ती खीर होती, हे स्वतःशी कबूल करायला चार दिवस लागले. सगळ्यांसमोर बरी झालेली बाई पुन्हा आजारी म्हणून दारात कशी उभी राहणार?

शनिवारी मी शाळेतला मोजणीचा डबा घरी आणून ठेवला. पहिलीच्या मुलांसाठी त्यात चिंचोके ठेवलेले असतात. रविवारी दुपारी शंभर मोजले आणि डॉक्टरांचा कागद समोर ठेवून चटईवर मांडले. माय पाय पसरून बसली.

"ह्या शंभर बाया, माह्यासारख्याच. हा मोठा ढीग पाह्य. ह्या नुसत्या ऑपरेशननंच बऱ्या राहतीन. ह्या बाजूच्या, यायले केमो घेऊनबी आजार परत येईन."

"अन हे मधले?"

मधले चिंचोके इतके कमी होते की मूठही भरली नसती. "ह्या केमो घेतली तरच वाचतीन."

"यातली तू कोंती?"

"मले माहीत नाई, माय. डॉक्टरलेबी नाई."

"मंग त्या ढिगातल्या बाया औषध घेतीन ते फुकटच?"

"हो. फुकटच."

मायनं मधले चिंचोके तळहातावर घेतले. बराच वेळ अंगठ्यानं फिरवत राहिली.

"सरव्याले जात होतो ते आठवते का तुले?"

न आठवून कसं चालेल? ज्वारी घरी गेली की मालकाला विचारून मजूर बाया रानात उरलीसुरली कणसं वेचायच्या. तोच सरवा. मी शाळेत होते तेव्हा आमच्या घरच्या कितीतरी भाकरी सरव्याच्या असायच्या.

"पाटील म्हने, वावर साफ झालं, आता का भेटते तुमाले तिथं? अन मी टोपलं भरून आनो. कापनाऱ्याचा दोष नसते पोरी. मागं राहिलेलं वाकल्याबिगर दिसत नाई."

"पन रिकामं टोपलंबी यायचं ना, माय?"

"लय खेपा. उन्हातानात जाऊन हात हालवत याचं." तिनं चिंचोके माझ्या हातात दिले. "म्हनून का जाचं सोडलं?"

ती मला घे म्हणाली नाही. आता नकोही म्हणत नव्हती, एवढंच. पण ते चार दाणे डब्यात परत टाकायला माझा हात उचलेना. डॉक्टर "थोडीच" म्हणाल्या, तेव्हा मी तो शब्द 'नाही' असाच ऐकला होता. मी ज्या घरात वाढले तिथं थोडं कधी कुणी टाकून दिलं नव्हतं. थोड्यावरच मी शिकले. केमो फुकट गेली तर जाऊ दे. मला रानात जाऊन पाहायचं होतं.

सोमवारी सकाळी फोन करून मी डॉक्टरांना हो सांगितलं.

पुढच्या वंदनेनंतर मी विहारात स्वतःच उठून उभी राहिले. अजून संपलेलं नाही, केमो घेणार आहे, केस जातील, घाबरू नका, असं सांगितलं.   मग मागून एक म्हातारी मायकडे पाहत म्हणाली, "मंग आमची खीर वापस करा लागते का व बाई?"

हशा उसळला. माय तयारच होती. "खाल्ली ते पचवा! आता डबे आना. आमी नागपूरच्या खेपा करू तं घरी सैंपाक कोन करीन?"

पहिल्या केमोच्या सकाळी नवरा रजा टाकून, बॅग घेऊन पुढे स्टँडवर गेला होता. आमच्या पायरीवर तीन डबे होते. एकात खीर होती. मी झाकण उघडताच मायनं डबा ओढून घेतला आणि तिथंच उभ्यानं खाऊ लागली.

"तुही खीर मी करीन," तोंड पुसत ती म्हणाली, "सगळ्या सुया झाल्यावर. चाल, बस चुकन."