सुट्टीच्या दिवशीची पाटी

बागेच्या फाटकाजवळच्या खोलीत भिंतीला एक लाकडी पाटी होती. तिला बारा खिळे. सकाळी आत येणारा माणूस आपला पत्र्याचा बिल्ला खिळ्याला लावायचा आणि संध्याकाळी जाताना काढून खिशात टाकायचा. ती पाटी सांभाळायची मावशी. एकवीस वर्षं. सख्खी ती कुणाचीच नव्हती, पण बागेत सगळ्यांची मावशी होती, मालकाचीसुद्धा.

पाटीचा खरा उपयोग शीतगृहासाठी. सफरचंदांनी खोली भरली की जाड दार लावायचं, आणि मग मिस्त्री यंत्र सुरू करून आतला प्राणवायू काढून घ्यायचा. अशा खोलीत फळ आठ महिने टिकतं. माणूस टिकत नाही. म्हणून नियम एकच: पाटी रिकामी दिसल्याशिवाय दार लावायचं नाही. मिस्त्री नियमाचा पक्का होता. तो कुणाला विचारायचाच नाही. "माणूस खोटं बोलतो, खिळा बोलत नाही," असं म्हणायचा.

सरकारी सुट्टीला मात्र पाटी दिवसभर रिकामी असायची. सुट्टीला कामावर बोलावलं तर दुप्पट रोज द्यायचा, वर बदली सुट्टी द्यायची, आणि नको म्हणणाऱ्यावर जबरदस्ती करायची नाही, असा कायदा होता. मालकानं त्यातून वाट काढली होती.

"फळाला सुट्टी कळत नाही, मावशी. ज्यांना यायचंय त्यांना येऊ दे. बिल्ले तेवढे लावू नका. बिल्ला नाही म्हणजे माणूस कामावर नाही."

यायची सक्ती नव्हती. न येणाऱ्याला पुढच्या हंगामात कामाचं बोलावणं जात नसे, एवढंच. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मावशी सगळ्यांचे बिल्ले मागून घ्यायची आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. पहिल्या वर्षी तिला चुटपुट लागली. मग लागेनाशी झाली. उशाला दगड घेतला तरी काही दिवसांनी झोप येतेच.

त्या वर्षी ऊन लांबलं आणि सगळं फळ एकदम उतरलं. एरवी सुट्टीला नुसती तोडणी व्हायची. मिस्त्री घरी असायचा, दार लावायची वेळच यायची नाही. यंदा खोली नेमकी सुट्टीच्या दिवशी भरत आली. मालकानं मिस्त्रीलाही दुपारून बोलावलं.

सकाळी अकराजण आले. शेवटी आला मावशीचा धाकटा दीर. उभ्या उभ्या झोपतो म्हणून सगळे त्याला डुलकी म्हणायचे.

"वहिनी, आमचा बिल्ला द्या की. शोभेला तरी."

"आज तुम्ही घरी आहात, भावोजी. खाटेवर लोळताय."

"मग बरंच झालं. घरी झोपल्यावर कोण बोलणार?"

सगळे हसले. मावशीही हसली. ते हसू तिला पुढं कितीतरी दिवस गिळता आलं नाही.

पाच वाजता माणसं फाटकातून बाहेर पडली. मावशी फाटकाजवळची खोली झाडत होती. तिची नजर खुंटीवर गेली. डुलकीची पिशवी तिथंच होती. बाहेर नळावर मिस्त्री हात धूत होता.

"दार लावलं?"

"लावलं की. यंत्र सुरू करून अर्धा तास झाला."

"आत कोण नव्हतं ना?"

"पाटी बघूनच लावलं. रिकामी होती." तो हात धूत राहिला. मग त्याचे हात थांबले. नळ वाहत राहिला.

दोघं धावले. यंत्र बंद करून दाराचं चाक फिरवायला मिस्त्रीला तीनदा जोर लावावा लागला. शेवटच्या रांगेतल्या क्रेटांमागं, घडी केलेल्या पोत्यांवर, गारव्याला डुलकी निजला होता. ओठ जांभळे. त्यांनी त्याला पाय धरून ओढत अंगणात आणलं. बराच वेळ काही झालं नाही. मग जुनं धोतर फाडल्यासारखा आवाज झाला, आणि तो श्वास होता.

डॉक्टर आले, पाठोपाठ मालक आला. मालकाचा आवाज मऊ होता.

"आज सुट्टी होती हो, डॉक्टर. कामावर कुणीच नव्हतं. वहिनीला भेटायला आला असेल, शिरला गारव्याला."

डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलं. मावशी खोलीत गेली. डबा उघडला, एकेक बिल्ला काढून खिळ्याला लावला. अकरा वेळा टक्क वाजलं. मग ती दारात आली.

"कामावर होता. अकराहीजण होते. बिल्ले मीच डब्यात ठेवले होते सगळ्यांचे."

मालकानं तिच्याकडं पाहिलं आणि हसला. "बरोबर केलंत, मावशी."

दुप्पट रोज मिळाला, बदली सुट्टीही मिळाली. मालक कुणाला एक शब्द बोलला नाही. आठवड्यानं मावशी कामावर आली तर भिंतीवर पाटीच्या मापाचा फिकट चौकोन होता. उगाच गोंधळ नको म्हणून काढली, असं तिला सांगण्यात आलं.

आता पुन्हा सुट्टी आली आहे. सगळे आले आहेत. डुलकीसुद्धा आला आहे. तो हल्ली बोलता बोलता शब्द विसरतो आणि आपल्याच हाताकडं बघत बसतो. वहिनीनं नको म्हटलं तर म्हणाला, "नाही आलो तर पुढच्या वर्षी... पुढच्या वर्षी..." आणि थांबला.

संध्याकाळी खोली भरते. बघायला पाटी नाही, म्हणून मिस्त्री मावशीला हाक मारतो. ती कुणाच्या शब्दावर विसंबत नाही. स्वतः आत शिरते, प्रत्येक रांगेमागं वाकून बघते, पोती उचलून बघते. तिची पावलं क्रेटांमध्ये ऐकू येईनाशी होतात.

मिस्त्री दाराला हात लावून बाहेर उभा असतो. एवढ्यात मालक त्याला फाटकाकडून हाक मारतो, "झालं का रे? लाव की दार."

पाटी असती तरी आता ती रिकामीच दिसली असती. मावशीचा स्वतःचा बिल्ला कधी नव्हताच.