जांभळाची मुदत

मी गाडी घेतली आणि आमच्या खासबागेतल्या घरात भांडण आणलं. फाटकाच्या तोंडाशीच आईचं जांभूळ आहे. लग्न झालं त्या वर्षी तिनं खानापूरकडच्या माहेरातून रोप आणून लावलेलं. गाडी आत येईना, म्हणून ती रस्त्यावर, त्याच जांभळाच्या फांद्यांखाली उभी राही. उन्हाळा सरता सरता पांढरी गाडी जांभळी झाली.

आप्पांनी ठरवलं, झाड काढायचं. पण माणूस कायद्याचा. आपल्याच अंगणातलं झाड असलं तरी परवानगी लागते म्हटल्यावर त्यांनी नियम मुळापासून वाचले, अर्ज दिला. वनखात्याचे साहेब पाहणीला आले, बुंध्याला टेप लावून गेले. आईनं त्यांना वाटीभर जांभळं दिली. साहेबांनी ती चवीनं खाल्ली आणि तरी परवानगी दिली. अट एकच, मुदतीत तोडायचं, नाहीतर पुन्हा अर्ज.

आई म्हणाली, "फळावरचं झाड तोडत न्हाईत." हे आप्पांनाही मान्य होतं.

फळं संपली तर श्रावण लागला. मग गणपती. पितृपंधरवड्यात आप्पांनी विषय काढला तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "अहो, मग घास ठेवल्यावर कावळा बसायचा कुठं? तुमच्या डोस्क्यावर?" सरकारनं मुदत एकदा दिली होती, आई सणवार बघून वाढवत होती.

पण मधल्या काळात आप्पांचं काहीतरी बिघडलं. वाचलेले नियम पोटात राहीनात. समोरच्यांनी आंब्याची फांदी छाटायला घेतली तर हे फाटकाशी जाऊन उभे: "परवानगी हाय काय? गुन्हा हाय ह्यो." तारांखालच्या फांद्या तोडायला आलेल्या वीजवाल्यांनाही त्यांनी कागद मागितला. घरी येणाऱ्या पाहुण्यांना आमच्या जांभळाचा घेर सांगू लागले, तोही मुलगा बोर्डात आल्यासारखा. ते झाड आपण तोडणार आहोत हे बहुधा त्या वेळी त्यांच्या लक्षात नसे. आईच्या लक्षात असे. ती रात्री नीट झोपत नव्हती.

दसरा झाला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी लाकूडतोड्या करवत घेऊन आला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. आता तिच्याकडं सांगायला एकही सण उरला नव्हता.

आप्पा झाडाभोवती एक फेरी मारून आले. बुंध्यावर हात ठेवला. मग खाकरून म्हणाले, "आज न्हाय जमायचं. अमावस्या हाय."

लाकूडतोड्यानं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. आमच्यात अमावस्येला औताला बैलसुद्धा जुंपत नाहीत, तिथं झाडाला करवत कोण लावणार? तो करवत खांद्यावर टाकून निघाला.

आई दारात आली. तिथीचं तिला विचारल्याशिवाय या घरात पान हलत नाही. तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "व्हय, अमावस्याच हाय. चहा टाकते."

मला आप्पांचं फार कौतुक वाटलं.

दोनच दिवसांनी त्या जांभळाखाली सतरंजी टाकून आम्ही कोजागिरीचं दूध प्यालो. वर पूर्ण चंद्र होता. आप्पांनी त्याच्याकडं एकदाही मान वर करून बघितलं नाही.