बदललेली धून

माझा धाकटा भाऊ मंद्रूपच्या रस्त्यावर अपघातात गेला, त्याला आता दोन वर्षं होतील. टीव्हीवर मात्र अजून त्याचंच अकाउंट चालू आहे. आई ते काढू देत नाही. त्यामुळे एखाद्या गेम कंपनीचा कार्यक्रम असला की टीव्ही अजूनही त्यालाच आठवण करून देतो, तीही नेमकी माझ्या मालिकेच्या मध्ये.

या कंपन्यांचा थाट मला कधी पटला नाही. नवा गेम येणार हे सांगायला लाइव्ह कार्यक्रम, आणि कार्यक्रम होणार हे सांगायला आधी वेगळी जाहिरात. कार्यक्रमाचं ठरलेलं नाव, ठरलेला रंग, ठरलेली धून. सुरू व्हायच्या आधी बराच वेळ पडद्यावर नुसतं बोधचिन्ह फिरत राहणार आणि तीच धून पुन्हा पुन्हा वाजणार. सगळ्यात मोठी बातमी मुद्दाम शेवटी. “लोकांना वेड्यात काढतात नुसतं,” मी भावाला म्हणायचे. तो हसायचा. त्यातले बहुतेक गेम त्याने कधी घेतलेही नाहीत. त्याला ते जाहीर होताना बघायचे असायचे.

अशा संध्याकाळी तो टीव्ही लावून ठेवायचा आणि गल्लीच्या तोंडाशी मित्रांत जाऊन बसायचा. धून सुरू झाली की त्याला कळवायचं काम आईचं. विड्या वळता वळता ती उठायची, आवाज पार वाढवायची, आणि हा धावत येऊन चपला दारात भिरकावायचा. आईला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण धून पाठ झाली होती.

तो गेल्यावरही तिने हे सोडलं नाही. टीव्हीने आठवण दिली की ती आवाज वाढवते, दार सताड उघडते आणि दाराकडे तोंड करून बसते. पहिल्यांदा तिला तसं बघितलं तेव्हा मी घाबरले. समजवायची हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर पुढच्या खेपेला चपलांचा आवाज येतो का, हे मीही ऐकत बसले होते.

गेल्या महिन्यात कंपनीने कार्यक्रमाचं नावच बदललं. लालच्या जागी निळा रंग, चकचकीत नवं बोधचिन्ह, आणि धूनही नवी. आईने मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं.

“हे कुटलं लावलंस?”

“तेच हाय आई. त्यांनी धून बदललीय.”

“का गं?”

“जुनी झाली म्हणून.”

“लई शानी हायती! त्याला कुटं म्हाईत हाय ही?” तिचा आवाज चढला. “मग त्याला कळायचं कसं, सुरू झालं म्हणून?”

मला रडू कोसळलं. आईने रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर कोणी सुटातला माणूस नुसते ओठ हलवत होता. ती उंबऱ्यात जाऊन उभी राहिली आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत जुनी धून म्हणायला लागली, आधी हळू, मग गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा. शेजारीण खिडकीतून डोकावली. मध्येच आईची धून तुटली.

पुढची मला येत होती. मी दारात गेले आणि तिथून पुढे म्हणायला लागले.