शेजारच्या दाढेपासून केसभर

नाशिकला अशोक स्तंभाजवळच्या एका जिन्याखालच्या खोलीत मी अकरा वर्षं माणसांचे दात केले, एक सोडलं तर एकाही माणसाचं तोंड न बघता. डॉक्टर माप घ्यायचे, त्या मापात प्लास्टर ओतलं की तोंडाचा पांढरा साचा तयार व्हायचा आणि त्यावर आम्ही कॅप घडवायचो. लासलगाव-विंचूरकडची मापं एसटीच्या कंडक्टरजवळ पेढ्यांच्या खोक्यातून यायची. खोक्यावर एक नंबर आणि रंगाची खूण. माणूस कोण, खातो काय, काही ठाऊक नसायचं.

लॅबच्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "कॅप शेजारच्या दाताला टेकली पाहिजे. रेटायची नाही आणि लांबही राहायची नाही. मधून दोरा ओढला तर जरा अडकून टक् करून खाली उतरला पाहिजे." ऐकायला सोपं. पण साच्यातला शेजारचा दात काम करताना जरा जरी झिजला, तरी कॅप तेवढी जाड होते आणि तोंडात बसत नाही. मग डॉक्टर पेशंटला आ करायला लावून ती घासत बसतात, घासून तिची चकाकी जाते आणि फोनवर आमचा उद्धार होतो.

दोन वर्षं मी तो उद्धार ऐकला. मग मी शहाणपणा केला. कॅप पूर्ण झाली की तिच्या दोन्ही बाजूंवरून घासायच्या दगडाचा एक जास्तीचा हात फिरवायचा. एकच. फरक डोळ्यांना दिसायचा नाही, पण कॅप पहिल्या झटक्यात बसायची. फोन बंद झाले. कॅप याच्याच हातची पाठवा, असं डॉक्टर मालकांना सांगू लागले. मला वाटलं, माझा हात बसला. काय मूर्ख होतो मी! घट्ट कॅपची बोंब खुर्चीतच होते. सैल कॅप घरी जेवताना कळते, आणि तोवर पेशंट सुरगाण्याच्या डोंगरात नाहीतर कांद्याच्या ट्रॅक्टरवर असतो.

ताई सुरगाण्याकडच्याच एका शाळेत शिक्षिका होती. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. तिच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालं तेव्हा तिनं डॉक्टरांना बजावलं, "कॅप माझा भाऊ करणार." मला माहीत असलेलं ते एकमेव तोंड. रंग जुळावा म्हणून मी ती कॅप तीनदा भट्टीत घातली. शेवटी सवयीनं दगडाचा तो जास्तीचा हात फिरलाच. फिरला हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

कॅप बसल्यावर आरशात बघत ती म्हणाली, "यातली तू केलेली कुठली, सांग बरं." दवाखान्यातल्या बाईंनाही तिनं तोंड उघडून ओळखायला लावलं.

पुढची चार वर्षं ती सुट्टीत आली की जेवण झाल्यावर पाठ करून उभी राहायची. हातात सेफ्टीपिन. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "काही नाही रे, नागलीची भाकरी जरा चिकटते." मी, रोज दातांत बसणारा माणूस, हो म्हणून गप्प बसलो.

मग एका सकाळी ती जीप, एसटी करत आली तेव्हा गाल सुजून डोळा अर्धा मिटला होता. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरून मला दाखवला. कॅपच्या मागची दाढ, जिच्यात कधी साधं सिमेंटही भरावं लागलं नव्हतं, ती कॅपच्या बाजूनं मुळापर्यंत किडली होती. "मधे फट आहे. चार वर्षं अन्न अडकत राहिलं," एवढंच ते म्हणाले. कॅप कुणाची ते त्यांना माहीत होतं. दाढ काढावी लागली.

बाकावर ती कापूस दाबून बसली होती. मी म्हणालो, "दुखत होतं तर सांगायचं ना गं, ताई."

"सांगितलं असतं तर डॉक्टरांनी कॅप बदलली असती," ती म्हणाली. "तुला वाईट वाटलं असतं."

मालकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "इतक्या वर्षांत एक तरी तक्रार आली का?" आली नव्हती. तेच तर मला सहन होईना. नुसते नंबर, कुणाला परत बोलावणार? कुठल्या कुठल्या घरात लोक माझ्या कॅपच्या शेजारी पिन घालून कोरत असतील, आणि आपलीच दाढ खराब निघाली म्हणून स्वतःला दोष देत असतील. मी काम सोडलं नाही. तो जास्तीचा हात तेवढा बंद केला. त्यानं आधीच्या कुणाचं काय भलं होणार होतं!

महिन्यानं जखम भरल्यावर डॉक्टर म्हणाले, "रिकाम्या जागी दात बसवायचा तर तो या दाढेच्या आधारानं बसवावा लागतो, म्हणजे ही जुनी कॅप तोडावी लागेल. तोडलेली बरी. पुढच्या दाढेलाही ती नीट टेकत नाहीये."

ताईनं गालावर हात ठेवला. "जागा राहू दे रिकामी. ही काढायची नाही. भावानं केलीय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ताईनंही बघितलं, हसून. ती पुढची दाढ अजून चांगली होती. कॅप काढली तरच वाचणार होती.

"राहू द्या, डॉक्टर," मी म्हणालो.