पाहुण्यांच्या पाठोपाठ झाडू

मागच्या महिन्यात एका सोमवारी माझ्या हातून एक गोष्ट घडली... तेव्हापासून वरच्या खोलीत झाडू हातात घेतला की नको वाटतं. कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून इथं लिहितेय.

औंढ्यात आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही दर्शनाला येणाऱ्यांना एक-दोन दिवसांसाठी देतो. ॲपवर फोटो आहेत, रेटिंग चांगलं आहे, आणि ते रेटिंग माझ्या स्वच्छतेच्या वेडावर टिकून आहे. घरातले मला 'इन्स्पेक्टर' म्हणतात... म्हणोत बापडे.

रविवारी संध्याकाळी रिसोडकडची एक मुलगी आली. सोबत तिचे वडील आणि तिचं लहान लेकरू, भाड्याची गाडी करून आलेले. दुसऱ्या दिवशी बाबांना नांदेडला ॲडमिट करायचं होतं, हृदयाच्या ऑपरेशनसाठी. त्याआधी त्यांना नागनाथाचं दर्शन घडवायचं, एवढाच तिचा हट्ट.

"डॉक्टर म्हणे, धोका हाय थोडा," ती जिन्यात मला हळूच म्हणाली. "बाबांसमोर बोलू नका ताई." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, सगळं नीट होईल म्हणाले.

सोमवारी पहाटे दर्शन करून आले आणि लगेच निघाले. बाबांनी मला हात जोडले. मी फाटकापर्यंत जायच्या ऐवजी वर पळाले, कारण दुपारी पुण्याचे पाहुणे यायचे होते.

दार उघडलं आणि डोकंच फिरलं... चहाच्या इलेक्ट्रिक किटलीत भाताची पेज शिजवलेली, ती तळाला करपून बसलेली. बेसिनमध्ये बेलाची पानं अडकून पाणी तुंबलेलं. पांढऱ्या चादरीवर तेलाचे डाग, पलंगाखाली नारळाच्या शेंड्या, आणि भिंतीवर लेकराने कुंकवाच्या बोटांनी काढलेली चित्रं. दिवाळीत रंग दिला होता हो त्या भिंतीला.

माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. एकटीच बडबडत होते... काय ही माणसं, पैसे दिले म्हणजे घर विकत घेतलं का, रीतभात म्हणून काही नाही. बडबडतच झाडू उचलला.

आता हे सांगायला हवं, की आमच्याकडे माणूस घराबाहेर पडला की लगेच मागं झाडत नाहीत. निदान गाव ओलांडेपर्यंत तरी केर काढायचा नाही. निघाल्या निघाल्या घर झाडून पाणी टाकतात ते एकदाच... माणूस कायमचा गेला की.

सासूबाई यावर फार कडक. पाहुणे निघाले की त्या सरळ जिन्यातच बसतात. "काहून घाई करून राहिली? जाऊ दे त्यांना जरा दूर," म्हणतात, आणि मी चरफडत थांबते. त्या दिवशी त्या पुसेगावला नणंदेकडे गेल्या होत्या, त्यामुळे मला अडवायला कोणी नव्हतं.

झाडून झालं, केर दारात लोटला आणि बादलीभर पाणी उंबऱ्यावरून खाली ओतलं. मान वर केली तर ती मुलगी समोर, चपला हातात घेऊन जिन्यात उभी. पायांवरून माझं पाणी वाहत होतं. बाबांच्या गोळ्यांची पिशवी खिडकीत राहिली होती, ती न्यायला आली होती. सामान लावण्यात वेळ गेल्याने गाडी अजून फाटकाशीच होती.

तिने आधी झाडूकडे पाहिलं, मग पाण्याकडे. चेहराच उतरला तिचा. चार शब्द सुनावले असते तरी बरं झालं असतं... "ताई," ती म्हणाली, "गाडी फाट्यापर्यंत तरी जाऊ द्यायची होती न."

मी पिशवी काढून दिली, ती घेऊन ती खाली गेली. जिन्यातून पाणी कशाचं येऊन राहिलं, असं बाबा गाडीतून विचारत होते. "काही न्हाई बाबा, ताई तुळशीला पाणी घालून राहिल्या," असं सांगून तिने गाडीचं दार लावून घेतलं.

मी तिथेच पायरीवर बसून राहिले... कितीतरी वेळ. संध्याकाळी सासूबाई आल्या, त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता चांगलीच बोलणी खावी लागणार.

पण त्या एवढंच म्हणाल्या, "ऑपरेशन होऊ दे, मग इचार कसे हायत. आत्ता माफी-बिफी मागून तिला अजून तकलीफ देऊ नको."

आठवडा कसाबसा काढला. रोज नागनाथाला हात जोडताना त्या बाबांचंच नाव घेत होते. शेवटी धीर करून मेसेज टाकला, आणि तिचाच फोन आला. ऑपरेशन चांगलं झालं, बाबा उठून बसतात, बोलतात... मला ऐकता ऐकताच रडू फुटलं. न राहवून माफीही मागितली.

"चुकी आमचीबी हाय ताई," ती म्हणाली. "बाबांना बाहेरचं चालत न्हाई म्हणून किटलीत पेज केली. घर लईच घाण करून निघालो आमी." मग म्हणाली, "पण खोटं काहून बोलू... बाबांना आत नेलं न, तवा बाहेर बाकावर बसून मला सारखा तुमचा झाडूच दिसत होता."

तिच्या आवाजात राग नव्हता. बाबांना घेऊन पुन्हा दर्शनाला येऊ, असंही म्हणाली. मी हो हो म्हणत राहिले.

किटली घासून निघाली, चादर धुतली, भिंतही पुसली... तासाभराचं काम होतं ते. पुण्याच्या पाहुण्यांनी स्वच्छतेचं तोंड भरून कौतुक केलं.

बाबा बरे आहेत, देवाचे उपकार. पण बाप आत असताना त्या पोरीला देव आठवायला हवा होता, आणि तिला माझा झाडू आठवत राहिला. याचं काय करू, मला खरंच कळत नाही.