दुसऱ्या फळीवरची बाटली

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विसरलो होतो असं मुळीच नाही. घरात कुणी जुन्या अंबरनाथचा विषय काढला की मी कारखान्याचा भोंगा, वालधुनीला आलेलं पाणी, देवळाजवळची चिंच असलं काहीतरी सांगून वेळ मारून नेत असे. बायकोलाही सांगितलं नाही, आणि ती गेली. आमच्या त्या चौघांच्या बैठकीतला आता मी एकटाच उरलो आहे. माझ्यामागे ही हकिकत चुकीचीच राहून जाईल, म्हणून लिहितो. आमच्यातले साईं पोलिसांचे खबरे नव्हते. मला ते त्याच दिवशी ठाऊक होतं.

दारूबंदी लागून दोनेक वर्षं झाली होती. ज्याला प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असं डॉक्टर लिहून देईल, त्याला परमिट मिळे आणि महिन्याला ठरावीक बाटल्या परमिटच्या दुकानातून घेता येत. मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. तिशी नुकतीच ओलांडली होती, अंगात रोग नव्हता. बदलापूर गावात दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांनी माझ्या हृदयात एक कमजोरी शोधून काढली. आमच्या कारखान्याच्या स्टोअरचे बडे बाबू होते, त्यांची कागदोपत्री झोप उडवली. स्वतः डॉक्टरांना तर मधुमेहापासून संधिवातापर्यंत सगळं होतं. बडे बाबू म्हणत, "डॉक्टर, तुमचा दाखला वाचला की मला वाटतं आपण तेराव्याला आलोय."

आम्ही दारूबाज नव्हतो, हे सांगितलं तर आज कुणी विश्वास ठेवणार नाही. पण खरंच नव्हतो. आम्हांला व्हिस्कीचा नाद होता, आणि नाद वेगळा. दर रविवारी सकाळचे पेशंट संपले की साडेबाराच्या सुमारास आम्ही दवाखान्यात जमत असू. येताना प्रत्येकाने आपल्याकडे त्या महिन्यात चालू असलेल्या बाटलीतली थोडी व्हिस्की औषधाच्या बाटलीत घालून आणायची. तीच ती जुनी बाटली, जिच्यावर डोसांसाठी खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे. चार माणसं, चार डोस. औषधाच्या काचेच्या मापातून एकेक डोस वाटायचा, आधी हुंगायचा, मग जिभेवर धरायचा, आणि बाकीच्यांनी सांगायचं की हे काय आहे. भेटल्यावर आम्ही एकमेकांना "काय, बरं आहे ना?" असं विचारत नसू. "सध्या काय चालू आहे?" असं विचारत असू.

चौथे साईं. ते फाळणीनंतर वसवलेल्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पात राहत. उल्हासनगर हे नाव नवीन होतं, सगळे कॅम्पच म्हणत. कराचीला बंदराजवळ त्यांचं विलायती मालाचं दुकान होतं. इथे बराकीत, घोंगड्यांचा पडदा लावून अर्ध्या केलेल्या खोलीत, बायको आणि आईसह राहत. डॉक्टर आठवड्यातून दोनदा कॅम्पात पेशंट बघायला जात. साईंची आई त्यांची पेशंट, तिथून ओळख.

साईंकडे परमिट नव्हतं, बाटली तर नव्हतीच. ते फक्त नाक घेऊन येत. पण ते नाक असं होतं की आम्ही तिघं त्यांच्यापुढे पोरं. माप नाकाखाली धरून ते डोळे मिटत आणि सावकाश सांगत, "ह्याच्यात ओली दोरी आहे, जहाजावरची." "ही शेरीच्या पिंपात झोपली होती, पण थोडेच दिवस." पाण्याचे दोन थेंब टाकले की वास उघडतो, हे त्यांनीच शिकवलं. तोवर बडे बाबू अर्धं माप सोडा ओतत. साईं हात जोडून म्हणत, "बडे बाबू, बिचारीला आंघोळ घालू नका." आमच्या बाटल्यांना नावंही त्यांनी दिली. धुराचा वास असलेली ती चुलीवरची. गोडसर, पोटात शिरून मग भांडणारी, ती सासू. मी महिनोन्‌महिने सासूच आणत असे, आणि त्यावरून माझी थट्टा होई.

साईंना नोकरी हवी होती. आईच्या औषधाला, बायकोच्या अंगावरच्या लुगड्याला, सगळ्यालाच ती हवी होती. बडे बाबूंच्या स्टोअरमध्ये सहायकाची एक जागा व्हायची होती. साईंना मालाची, नोंदींची, पेट्या उघडण्याबांधण्याची सवय होती. बडे बाबूंनी शब्द दिला होता. अर्ज मी स्वतः लिहून दिला होता आणि तो माझ्या टेबलाच्या खणात होता, बडे बाबूंची सही व्हायची तेवढी बाकी. साईं दर रविवारी निघताना मला हळूच विचारत, "बाबूजी, आपला कागद?" मी म्हणे, "हलतोय."

त्या उन्हाळ्यात आमच्यातला मोकळेपणा गेला. कल्याणला एका वकिलाच्या घरी धाड पडली, मग अंबरनाथला एका मुकादमाकडे. प्रत्येक ठिकाणी पोलीस थेट त्या जागीच गेले म्हणे, शोधावं लागलंच नाही. म्हणजे आतलं कुणीतरी. परमिट असलं तरी दुसऱ्याला पाजणं गुन्हा होता, आणि बिनपरमिटच्या माणसाने पिणं हा त्याहून मोठा. डॉक्टर दार लावून घेऊ लागले. वांगणीकडच्या डोंगरातून आलेला एक दणकट गडी पोट दुखतं म्हणून तीन रविवार आला, तर डॉक्टरांना वाटलं हा पोलिसाचा माणूस. त्यांनी त्याला एरंडेलाचा असा डोस दिला की चौथ्या रविवारी तो आलाच नाही. बडे बाबू टांगेवाल्याकडे संशयाने बघत आणि स्टेशनवरून निम्मा रस्ता चालत येत. हसत होतो, पण एकमेकांच्या तोंडाकडे बघून. कुणी उशिरा आला की बाकीचे गप्प होत. मीही बघत असे. सगळ्यांत जास्त साईंकडे, कारण त्यांच्याकडे परमिट नव्हतं आणि गमावण्यासारखं काही नव्हतं, असं मला वाटे. नोकरीचा तो अर्ज माझ्याच खणात होता, तरी असं वाटे.

आता मुख्य गोष्ट.

महिन्याच्या सुरुवातीला मी कल्याणच्या परमिटच्या दुकानात रांगेत उभा होतो. माझ्या पुढे एक गृहस्थ, बंद गळ्याचा पांढरा कोट, हातात छत्री. त्यांनी मागे वळून हसून विचारलं, "काय, सध्या काय चालू आहे?"

हा प्रश्न आमचा होता. निदान मला तसं वाटत होतं. आमच्या बैठकीबाहेरच्या माणसाने तो मला पहिल्यांदाच विचारला, आणि मला वाटलं, हा आपल्यातला. ज्याला नाद आहे त्याला हे कळेल. आपल्या नादातला माणूस भेटला की माणूस आंधळा होतो. त्यांनी एका स्कॉचच्या धुराबद्दल बरोबर दोन शब्द काढले आणि मी सुटलो. अर्धा तास बोललो. दोन थेंब पाण्याची गोष्ट सांगितली, जणू ती माझीच होती. चुलीवरची आणि सासू सांगितली. आम्ही रविवारी कसे जमतो ते सांगितलं. आणि डॉक्टर आपली बाटली दवाखान्यात दुसऱ्या फळीवर, खोकल्याच्या औषधाच्या आणि गुलाबपाण्याच्या मधे, पोटदुखीचं लेबल लावून ठेवतात, हेही सांगितलं, कारण ती मला फार गमतीची गोष्ट वाटत होती. ते मनापासून हसले. गाव कोणतं, एवढंच त्यांनी विचारलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी धाड पडली. साईं त्या दिवशी आले नव्हते. दोन खाकी शिपाई, एक अंमलदार आणि साध्या कपड्यांतला एक माणूस. अंमलदाराने खोलीत नजरही फिरवली नाही. तो सरळ दुसऱ्या फळीकडे गेला, पोटदुखीच्या बाटलीचं बूच काढलं आणि हुंगलं. साध्या कपड्यांतला माणूस पेशंटच्या बाकावर बसून राहिला. पांढरा कोट नव्हता, छत्री होती. त्याने शेवटपर्यंत एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. त्यावरूनच मला कळलं की त्याने मला ओळखलं आहे.

जबाब झाले, मापं आणि बाटल्या जप्त झाल्या, बाहेर गावातली माणसं जमली. डॉक्टरांची बायको मधल्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. ती मंडळी डॉक्टरांना घेऊन जाण्याआधी टांग्याची वाट बघत थांबली, तेव्हा डॉक्टर आमच्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "दुसरी फळी. त्यांना दुसरी फळी कुणी सांगितली?"

बडे बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साईं आज आले नाहीत."

एवढंच म्हणालो. खोटं नव्हतं ते. साईं आले नव्हतेच.

पुढचं सगळं त्या चार शब्दांनी केलं. डॉक्टरांना दंड झाला, तो त्यांनी सोसला असता, पण त्यांचा दाखले देण्याचा हक्क गेला आणि गावात मान गेला. आमची परमिटं रद्द झाली. बुधवारी साईं दवाखान्यात आले. रविवारी सकाळी बराकीच्या नळावर त्यांची आई घसरून पडली होती आणि ते तिच्यापाशीच होते. डॉक्टर दार न उघडता खिडकीतूनच बोलले. काय बोलले ते त्यांनी नंतर आम्हांला सांगितलं, समाधानाने: "म्हटलं, आई बरोबर रविवारीच पडली का हो? आणि दुसरी फळी पोलिसांना कुणी दाखवली?" आई पडली होती हे खरं होतं. आठवड्याने मला कॅम्पातल्याच एका कामगाराने सांगितलं, मांडीचं हाड मोडलं होतं. ज्या डॉक्टरांची ती पेशंट होती त्यांनी तिला पुढे कधी तपासलं नाही. मी हे कुणाला सांगितलं नाही.

मग एक दिवस बडे बाबू टाइम ऑफिसात आले. अर्ज काढायला सांगितला. मी खणातून काढून दिला. उभ्याउभ्याच त्यांनी तो वाचला, माझंच अक्षर. म्हणाले, "स्टोअरला माणूस भरवशाचा लागतो. तुझं काय म्हणणं?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून सोपी वेळ मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. माझी नोकरी बडे बाबूंच्या हातात नव्हती. फार तर ते मला शिव्या देते, डॉक्टर बोलणं टाकते. मी पुढ्यातलं हजेरीपुस्तक सरळ केलं आणि म्हणालो, "तुम्ही बघा काय ते."

त्यांनी अर्जाची घडी घातली आणि खिशात टाकली. ती जागा नंतर त्यांच्या भाच्याला मिळाली.

पाच वर्षं मी कॅम्पात पाऊल टाकलं नाही. कापड घ्यायला लोक मुंबईहून तिथे येऊ लागले होते, आणि मी अंबरनाथचा माणूस मुंबईला जाऊन कापड घेत असे. शेवटी बहिणीच्या लग्नासाठी बायकोने हट्ट धरला आणि जावं लागलं. बाजारात एका दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा उभा राहून गिऱ्हाइकांना बोलावत होता, "आइए बहनजी, देखने का कुछ नहीं लगता." ते साईं होते. दुकान त्यांच्या साडूचं. पन्नाशीतला माणूस, पण दाढी पूर्ण पांढरी.

त्यांनीच मला ओळखलं. बायको आत साड्या बघायला गेली. मी पायरीखाली आणि ते पायरीवर, असे आम्ही उभे होतो. आई त्याच वर्षी गेली, म्हणाले. मला वाटलं आता ते मला विचारतील. मी तयारही झालो होतो, खरंच. मग ते खाली उतरले, माझ्या अगदी जवळ आले.

"बाबूजी, एक गोष्ट मनात आहे. बोलू?"

"बोला ना, साईं."

"त्या दिवसांत मी ह्या साडूला सांगितलं होतं, रविवारी बदलापूरला जातो म्हणून. कशाला जातो तेही सांगितलं असणार. माझी तेवढीच तर शान होती, कुणाला तरी सांगणारच. फळीचं बोललो का, ते आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. पाच वर्षं आठवतो आहे." त्यांनी दुकानाच्या आत पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "आधी मला राग होता तुम्हां सगळ्यांचा. आता वाटतं, इतकी शहाणी माणसं म्हणतात तर मीच असेन. माझ्या तोंडून गेलं असेल. डॉक्टरसाहेबांना भेटायची हिंमत नाही. तुम्ही मला माफ करा."

त्यांनी हात जोडले होते. रस्त्यावर माणसं होती, आतून बायको मला रंग बघायला हाक मारत होती. सांगायचं फक्त एक वाक्य होतं. मी त्यांचे जोडलेले हात माझ्या हातात घेतले आणि म्हणालो, "जाऊ द्या साईं. झालं ते झालं. आमच्या मनात काही नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पायरीवर चढले आणि दुकानातल्या पोऱ्याला त्यांनी माझ्यासाठी चहा आणायला पिटाळलं. मी तो चहा प्यालो. दोन वर्षांनी मनाशी ठरवून एकटाच गेलो, तर साडू म्हणाला की नवराबायको अजमेरला भाच्याकडे गेले. पत्ता त्याने लिहून दिला. त्या पत्त्यावर मी पत्रं लिहिली, एकही टाकलं नाही. पुढे ते वारल्याचं कळलं, तेही वर्षभराने.

त्या प्रत्येक पत्रात मजकूर तोच होता. साईं, तुमच्या तोंडून काही गेलं नव्हतं. रांगेत मी बोललो होतो, आणि तुमचं नाव मीच पुढे केलं. पायरीवर तुम्ही माझी माफी मागितलीत आणि मी ती घेतली. ती माझी नव्हती. परत घ्या, आणि जमलं तर मला क्षमा करा.